खंडेनवमीचं मशीन

मशीन पुन्हा थिजलं. ते कळायला फारसं शहाणपण लागत नसे. पॅकिंगच्या हॉलमधून आधी एका मुलीचा त्रासिक आवाज यायचा, मग दुसरीचा, आणि मग कुणीतरी दाराशी येऊन नुसतीच उभी राहायची. प्रेमचंद भिकूने चहाचा पेला खाली ठेवला, चेहरा होता होईल तेवढा गंभीर केला आणि काचेच्या खोलीकडे निघाला. घाईने गेलं तर लोकांना वाटतं हा घाबरलाय, सावकाश गेलं तर वाटतं याला पर्वा नाही. या दोहोंच्या मधली एक चाल त्याने गेल्या काही आठवड्यांत कमावली होती.

गोष्ट त्र्याऐंशी सालची. बेटावरच्या, क्युरपिप गावातल्या त्या स्वेटरच्या कारखान्यात विणायची यंत्रं पुष्कळ होती, पण ‘मशीन’ म्हटलं की एकच समजायचं, काचेच्या खोलीत गार हवेत ठेवलेला, कपाटाएवढा कॉम्प्युटर. त्याच्यापासून तारा निघून कारखानाभर गेल्या होत्या आणि एकेका तारेच्या टोकाला एकेक पडदा होता. कुठल्या रंगाचे स्वेटर विणून झाले, ते कुठल्या खोक्यात गेले, खोकं कुठल्या देशाला जायचं, हे सगळं त्या पडद्यांवर. मशीन थिजलं की सगळे पडदे एकदम मुके व्हायचे. हिरवी अक्षरं जागच्या जागी दिसत राहायची, पण कळ दाबा नाहीतर बुक्की मारा, ढिम्म हलायची नाहीत.

उपाय एकच होता. किल्ली फिरवून बंद करायचं, जरा दम खाऊ द्यायचा, पुन्हा चालू करायचं आणि टेपवरून सगळं परत आत चढवायचं. तोवर मुली खोक्यांवर बसून नखं बघणार, पोर्ट लुईच्या बंदरात बोट खोळंबणार आणि मिस्ये आर्नो हात पाठीमागे बांधून काचेबाहेर उभे राहणार. आर्नो कारखान्याचे मॅनेजर. कधी ओरडत नसत. ओरडणारा साहेब परवडला. हे नुसते विचारायचे, आज काय झालं, प्रेमचंद? आणि प्रेमचंद म्हणायचा, बघतो साहेब. इतक्या दिवसांत त्याने इतक्यांदा ‘बघतो’ म्हटलं होतं की आता तो शब्द उच्चारताना त्याची त्यालाच लाज वाटायची.

खरं सांगायचं तर त्याला मशीन चालू करता यायचं, बंद करता यायचं, आणि चालू असेपर्यंत हवं ते काढून देता यायचं. ते का थिजतं हे त्याला कळत नव्हतं. स्टोअरमध्ये कारकून म्हणून तो लागला होता. मशीन आलं तेव्हा इंग्रजी बरं असलेला माणूस हवा होता, म्हणून त्याला शिकायला पाठवलं आणि प्रेमचंदचा मिस्ये प्रेमचंद, म्हणजे साहेब, झाला. मुली वाट सोडू लागल्या, शिपाई खुर्ची पुढे करू लागला. ते त्याला आवडायचं. कुणाला नाही आवडत?

त्या दिवशीही दिवे एकामागून एक लागत होते आणि तो खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत होता. दार उघडून झाडलोट करणारी बाई आत आली. “पार्दों, मिस्ये,” माफी मागत ती हळूच म्हणाली. त्याने पाय वर उचलले. तिने खालून पोछा फिरवला, बादली उचलली आणि गेली.

ती हिरा. त्याची सख्खी थोरली बहीण.

कारखान्यात हे कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे तशी काही शपथ घेतली होती अशातली गोष्ट नाही. प्रेमचंद आधीपासून तिथे होता. हिराचा नवरा तापाने गेला, उसाच्या शेतात वाकून वाकून तिचे गुडघे धरले, तेव्हा शेजारणीच्या वशिल्याने तिला इथे झाडलोटीचं काम मिळालं. पहिल्याच दिवशी जिन्यात दोघं समोरासमोर आली. प्रेमचंदबरोबर आर्नो होते. त्याचं तोंड उघडण्याआधीच हिरा भिंतीला सरकली आणि खालमानेने म्हणाली, “बोंझूर, मिस्ये.” आणि निघूनही गेली. त्या क्षणी त्याला हुश्श झालं. पुढे कैक वेळा त्याने स्वतःला समजावलं की सुरुवात तिनेच केली, मी कुठे काही म्हटलं. पण ते हुश्श झालं होतं ना, ते त्याला पुरतं आठवत होतं. नवऱ्याच्या आडनावामुळे कागदावरही नातं दिसत नव्हतं. दिवसावर दिवस गेले आणि मग सांगायचं म्हटलं तरी, इतके दिवस का नाही सांगितलंत, हा प्रश्न आडवा येऊ लागला.

आई लवकर गेली तेव्हा शाळा सुटली ती हिराची. प्रेमचंदची नाही. त्याचा एकुलता एक शाळेचा सदरा ती रोज संध्याकाळी धुऊन चुलीशी वाळवायची आणि सकाळी तो घालून तो निघाला की आपण बाबांच्या मागोमाग उसात जायची. पोरगं मार्गी लागेपर्यंत लग्नाचं नाव काढू दिलं नाही तिने. हे सगळं त्याला पाठ होतं. नसतं तर बरं झालं असतं.

कारखान्याबाहेर मात्र सगळं जिथल्या तिथे होतं. महिन्यातून एखाद्या रविवारी तो बायकोला, पुष्पाला, आणि मुलांना घेऊन कार्तिए मिलितेरला तिच्या घरी जायचा. तिथे ती बाय होती आणि तो प्रेम. ती वाढायची, तो जेवायचा. कारखान्याचा विषय दोघंही काढत नसत. पुष्पाला हे अजिबात पसंत नव्हतं. एकदा तिने परतीच्या बसमध्ये स्पष्टच सांगितलं, तुमची बहीण आहे, काही चोरीचा माल नव्हे. त्यावर प्रेमचंद खिडकीबाहेर बघत राहिला.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मात्र विषय निघाला. प्रेमचंदचं जेवणात लक्ष नव्हतं. आर्नोंनी आदल्या दिवशी शांतपणे सांगितलं होतं की असंच चाललं तर मशीन बाहेरच्या लोकांच्या ताब्यात द्यावं लागेल आणि तुम्हाला पुन्हा स्टोअरमध्ये जावं लागेल. त्याने ते बहिणीला सांगितलं. हिराने भाकरी तव्यावर टाकली, उलटली, आणि विचारलं, “आजारी पडतंय म्हणजे काय हुतंय त्याला?”

“काही होत नाही गं बाय. मधेच थांबतं. बोलायचं बंद होतं.”

“बाबा खंडेनवमीला कोयता पुजायचे, कुदळ पुजायचे. त्या दिवशी हात नाय लावायचे त्यांना. तू तुझ्या मशिनीला काय करतोस?”

तो हसला. म्हणाला, ते लोखंड नाही, विजेवर चालतं, त्याला हळदकुंकू कळत नाही. ती म्हणाली, कोयत्याला तरी कुठं कळत हुतं. ज्याच्यावर पोट चालतंय त्याला वरसातून एकदा हात जोडायचा, कळायचं ते आपल्याला. बोलणं तिथेच संपलं आणि तो विसरूनही गेला.

खंडेनवमीच्या सकाळी तो कामावर आला, तर मशीनच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे, बोटभर कुंकू लावलेलं. खाली जमिनीवर झेंडूची एक पाकळी. हे बायचं काम, त्याने ओळखलं. आधी रुमाल काढून त्याने कुंकू पुसलं, पाकळी खिशात घातली, मग काचेतून कुणी बघत तर नाही ना ते बघितलं. खरं तर आधी बघायला हवं होतं. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं त्याला वाटत होतं की सगळा कारखाना आपल्याकडेच बघतोय. हिरा बादली घेऊन बोळातून गेली. तिने आत पाहिलं नाही.

आणि गंमत अशी की त्या दिवशी मशीन सुरळीत चाललं. एकदाही थिजलं नाही. संध्याकाळी आर्नो येऊन, छान, म्हणून गेले. प्रेमचंद मनातल्या मनात वरमला आणि थोडासा हसलाही. बहिणीला सांगायला हवं असं त्याला वाटलं. पण दाराशी ती दिसली तेव्हा आजूबाजूला माणसं होती.

दुसऱ्या दिवशी दसरा आणि मशीन दोनदा बसलं.

मग पोर्ट लुईहून इंजिनिअर आला, ज्या कंपनीने मशीन विकलं तिचा. नवीन त्याचं नाव. विलायतेत शिकून आलेला, हसतमुख, चटपटीत. त्याने मागचा पत्रा काढला, आत बॅटरी मारली आणि शीळ घातली. मग चिमटीत धरून एकेक करत काहीतरी बाहेर काढलं आणि टेबलावर पांढऱ्या कागदावर मांडलं. हळदीत माखलेले तांदळाचे दाणे. अक्षता. वरच्या जाळीतून आत पडल्या होत्या. एक दाणा पंख्याच्या पात्यात अडकला होता.

“तुमच्या मशीनचं लग्न लावलं काय कुणी?” नवीन म्हणाला. आर्नोंना अर्थ समजावून सांगितल्यावर तेही हसले. दाराशी जमलेल्या मुली हसल्या. प्रेमचंदही हसला. न हसता तर ते दिसलं असतं.

नवीनचं म्हणणं असं पडलं की पंखा अडला, मशीन तापलं, म्हणून थांबत होतं. झालं, सापडला रोग. आर्नोंचं हसू ओसरलं. त्यांनी प्रेमचंदला विचारलं, हे कुणी केलं? प्रेमचंदने खांदे उडवले आणि क्रिओल या तिथल्या बोलीत म्हणाला, “मो पा कोने.” मला ठाऊक नाही. तो हे इतक्या सहजपणे म्हणाला की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

शोधायला वेळ लागला नाही. सकाळी त्या खोलीची किल्ली एकाच बाईकडे असायची. हिराला बोलावलं. ती ओले हात पदराला पुसत आली. कागदावरच्या अक्षता बघितल्या आणि कुणी विचारायच्या आतच म्हणाली, मीच टाकल्या. का, म्हणून आर्नोंनी विचारलं. मशीन आजारी होतं म्हणून, ती म्हणाली. पुन्हा हशा पिकला. पण आर्नो आता हसत नव्हते. केव्हापासून हे करतेस? तिने सांगितलं, एकदाच केलं, खंडेनवमीला. नवीन मान हलवत म्हणाला, एकदाच कसं? मशीन तर गेले कित्येक आठवडे थांबतंय. ही रोज टाकत असणार.

इथे प्रेमचंदला बोलायला जागा होती. कुणी अशी जागा मागितली असती तरी मिळाली नसती, इतकी सरळ. खंडेनवमी परवा झाली आणि मशीन बसतंय त्याच्या कित्येक आठवडे आधीपासून. तेव्हा अक्षता नव्हत्या. हे त्या खोलीत एकालाच नक्की माहीत होतं. पंखा त्यानेच महिन्यापूर्वी झटकून साफ केला होता. एवढं एक वाक्य बोलायचं, बहीण म्हणायचीही गरज नव्हती. पण ते बोललं तर पुढचा प्रश्न येणार, मग कशामुळे थांबतं? आणि त्याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. तांदळामुळे थांबतं, यात त्याची सुटका होती. तो मूग गिळून बसला.

आर्नो त्याच्याकडे वळले. ही तुमच्या मराठी लोकांतलीच ना? ओळखता तुम्ही हिला?

हिरा टेबलाकडे बघत उभी होती.

“नाही, साहेब,” प्रेमचंद म्हणाला. “कार्तिए मिलितेरच्या बाजूला असे पुष्कळ आहेत.”

असे. तो शब्द कुठून आला कोण जाणे. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. नुसतं ‘नाही’ पुरलं असतं.

हिराने माफी मागितली, आर्नोंची आणि मग प्रेमचंदचीही, मिस्ये म्हणून. अंगावरचा कामाचा झगा काढला, शिवणीवर शिवण ठेवून घडी केली, वर किल्ली ठेवली. तिला त्याच दिवशी घरी पाठवलं. जाताना तिने बादलीतलं घाण पाणी ओतून बादली उपडी ठेवली, हे प्रेमचंदने काचेतून पाहिलं.

मशीन दोन दिवस चाललं आणि तिसऱ्या दिवशी थिजलं.

नवीनला फोन केला तर तो म्हणाला, आता तुमच्या प्रोग्रॅममध्येच खोट असणार, मी काय करू. प्रेमचंदने किल्ली फिरवली, दिवे लागले, आणि तो पहिल्यांदा खुर्चीत न बसता उभा राहिला. इतके दिवस तो मशीन उठवत होता, ते का झोपतं हे त्याने मनापासून शोधलंच नव्हतं. शोधून सापडलं नाही तर काय, या भीतीने. आता ती भीती लहान झाली होती. बहिणीला तोंड कसं दाखवायचं ही दुसरी एक तिच्या डोक्यावर येऊन बसली होती.

त्याने जाडजूड पुस्तकं काढली. मशीन नेमकं केव्हा बसतं ते बघायला लागला. पॅकिंगमध्ये वाफेच्या इस्त्र्या तापल्या की बसतं, जेवणाच्या सुट्टीत इस्त्र्या बंद असल्या की बसत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. खंडेनवमीला तर बॉयलर दुरुस्तीला असल्यामुळे दिवसभर इस्त्र्या बंद होत्या. ते आठवल्यावर त्याला हसू आलं नाही. मग इस्त्र्या जोरात चालू असताना त्याने मशीनच्या पाठीमागच्या तारा एकेक करून उपटायला सुरुवात केली. ही काढली, बघितलं, पुन्हा लावली. दुसरी काढली. मुली वैतागल्या. असं करत करत एका तारेपाशी आला आणि ती काढताच मशीन, गळ्यावरचा हात सुटावा तसं, मोकळं झालं. पडदे बोलू लागले. परत लावली, परत थिजलं.

ती तार कुठे जाते हे बघायला तो शिडी लावून छताखाली चढला. तार कुठेच जात नव्हती. इस्त्र्यांच्या विजेच्या जाडजूड केबलला लागून ती हॉलभर गेली होती आणि पलीकडच्या टोकाला उघडी लोंबकळत होती. तिथे पूर्वी एक पडदा होता. सुपरवायझरची खोली बदलली तेव्हा पडदा हलवला आणि तार तशीच सोडून दिली. ज्याने सोडली तो प्रेमचंदच. मागाहून काढू म्हणून. आता इस्त्र्या पेटल्या की त्यांच्या विजेची कुरकुर त्या उघड्या तारेत शिरायची. मशीनला वाटायचं, तिकडून कुणीतरी टाइप करतंय. ते बिचारं उत्तर द्यायचं. उत्तर तारेतून जाऊन पुन्हा स्वतःकडेच यायचं, त्याला ते पुन्हा उत्तर द्यायचं, आणि या रिकाम्या बोलण्यात इतकं गुंतून जायचं की खऱ्या माणसांकडे बघायला त्याला सवड उरायची नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. तो शिडीवर बसून राहिला. खाली मुली स्वेटर दुमडत होत्या. त्याच्या हलगर्जीपणाचं खापर तांदळाच्या चार दाण्यांवर फुटलं होतं, आणि ते दाणे त्याच्याच बऱ्यासाठी टाकलेले होते.

तार काढून टाकली आणि मशीन पुन्हा कधी थिजलं नाही. आर्नोंनी सगळ्यांसमोर त्याचा हात हातात घेतला, शाबासकी दिली. स्टोअरचा विषय मिटला. प्रेमचंदने त्यांना एवढंच सांगितलं की एका तारेत दोष होता. तार कुणी सोडली, ते राहिलं.

घरी पुष्पाने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. हिरा पुन्हा उसात जाऊ लागल्याचं तिला बाजारात कळलं होतं. दिवाळी चार दिवसांवर आली तेव्हा ती एकदाच म्हणाली, “भाऊबीजेला कुठे जाणार आहात? ताटावर बसाल तेव्हा वन्सं विचारणार नाहीत काही. त्या कधीच विचारत नाहीत. म्हणून तर तुमचं फावलं.”

त्या रात्री त्याला झोप लागली नाही म्हणायचं तर तसं नाही, लागली. पण सकाळी तो उठला तो सरळ आर्नोंच्या खोलीत जाऊन उभा राहिला. बसा म्हटलं तरी बसला नाही. तार मीच सोडली होती, तो म्हणाला. तांदळाचा काही संबंध नव्हता आणि ते मला तेव्हाही ठाऊक होतं. मग जरा थांबून म्हणाला, ती बाई माझी बहीण आहे. सख्खी. तिने मला वाढवलं.

लाज वाटणाऱ्या माणसाकडे बघायची चांगल्या माणसांना लाज वाटते, तसं आर्नोंचं झालं. त्यांनी पेन उचललं, ठेवलं. मग म्हणाले, तिला बोलवा. मी तिची माफी मागेन. काम तिचं तिला परत मिळेल. प्रेमचंदला वाटलं, झालं, संपलं. इतकं सोपं होतं तर आपण इतके दिवस कशाला कुढत होतो?

निरोप शेजारणीकरवी गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी हिरा आली, देवळात जायचं लुगडं नेसून. हाताला उसाच्या पात्याचे ताजे ओरखडे होते. आर्नोंनी उठून तिला खुर्ची दिली. ती काठावर बसली. त्यांनी सगळं नीट सांगितलं, चूक आमची झाली, तुझा काही दोष नव्हता, सोमवारपासून कामावर ये. आणि शेवटी हसून म्हणाले, प्रेमचंद तुझे भाऊ आहेत हे आम्हाला कळलं असतं तर हे घडलंच नसतं.

हिराने मान वर केली. प्रेमचंद खिडकीपाशी उभा होता. तिने त्याच्याकडे बघितलं, रागाने नाही, ओळख पटवून घ्यावी तसं. मग आर्नोंकडे वळून ती क्रिओलमध्ये शांतपणे बोलली.

“मला एकच भाऊ आहे, साहेब. तो इथे असता तर त्याच दिवशी बोलला असता. हे मिस्ये मनाने चांगले आहेत. माझी दया आली म्हणून म्हणत असतील.”

हॉलमधून इस्त्र्यांची वाफ सुटल्याचा आवाज येत होता. आर्नोंनी प्रेमचंदकडे पाहिलं आणि त्यांना काय ते कळलं असावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं नाही. कामाचं मात्र त्यांनी दोनदा विचारलं. तिने दोन्ही वेळा मेर्सी म्हणत, आभार मानून, नको सांगितलं. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, एवढंच कारण दिलं. उसात कुठे जिने असतात, असं म्हणाली. ती उठली, आर्नोंना नमस्कार केला, खिडकीकडे बघूनही केला, आणि गेली.

प्रेमचंद मागोमाग धावत खाली उतरला. कामाची पाळी सुटली होती. फाटकाबाहेर बसथांब्यावर मुलींची झुंबड होती आणि क्युरपिपचा तो नेहमीचा बारीक पाऊस पडत होता. हिरा कडेला उभी होती. तो तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. मुलींनी त्याला बघून वाट दिली, बोंस्वार मिस्ये म्हटलं. त्यानेही म्हटलं.

“बाय,” तो अगदी हळू म्हणाला.

ती रस्त्याकडे बघत होती.

“बाय, भाऊबीजेला येतो मी.”

“ये की,” ती म्हणाली. “पुष्पाला आण, पोरांना आण. दरवरसाला येतोस तसा ये. घरात तू माझा भाऊच हायस.”

तिने ते टोचून म्हटलं नव्हतं. टोचून म्हटलं असतं तर त्याला रडता आलं असतं, पाय धरता आले असते. तिने नुसतं जे होतं ते सांगितलं, त्यानेच घालून दिलेली हद्द त्याला दाखवली. घर त्या हद्दीच्या अलीकडे आणि कारखाना पलीकडे. आलेला हुंदका त्याने खोकल्यासारखा केला, कारण मुली बघत होत्या.

कार्तिए मिलितेरची बस आली. मुली दाराशी तुटून पडल्या, रेटारेटी सुरू झाली. हिराने एकदा पायरीवर पाय ठेवायला बघितला आणि कुणाचा तरी कोपर लागून मागे आली. पुन्हा पुढे झाली, पुन्हा मागे. त्या मुली प्रेमचंदच्या शब्दाबाहेरच्या नव्हत्या. त्याने नुसतं म्हटलं असतं, सरका गं, माझ्या बहिणीला चढू द्या, तर सगळ्या बाजूला झाल्या असत्या. शब्द तयार होते. ओठांपर्यंत आले होते. तो ते आता बोलू, आता बोलू, करत उभा राहिला, तोवर गर्दी आपोआप ओसरली आणि हिरा दांड्याला धरून सगळ्यांच्या शेवटी, एकेक गुडघा सांभाळत, वर चढली.